काठी धरतो, देव मानत नाही. मग मी कोण?

तळ्याकाठचा
सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली, कंबर अजून ठणकतेय, म्हणून उशिरा लिहितोय.

आमच्या घरातला माणूस तीन पिढ्या सिद्धेश्वराच्या काठीला आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, यात्रेत मिरवतात त्या उंच नंदीध्वजाला आम्ही काठी म्हणतो. सात काठ्या असतात, वेगवेगळ्या समाजांच्या मानाच्या. भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होम. मी बाविसाव्या वर्षापासून बाराबंदी घालतोय. आणि साधारण तेव्हापासूनच देव मानत नाही.

त्यामागं काही मोठा प्रसंग वगैरे नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी पेपरला निघालो होतो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मधल्या मारुतीपुढं हात जोडायचा राहिला. परत फिरायला वेळ होता, फिरलो नाही. पेपर जसा जायचा तसाच गेला. त्यानंतर जोडलाच नाही, इतकंच.

यंदा अक्षता उरकून घरी आलो, गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. मुलगी नववीत आहे. म्हणाली, "बाबा, तुम्ही देव मानत नाही ना? मग 'हर्र बोला हर्र' ओरडता ते कुणाला?" मी म्हटलं, आधी चहा आण.

तर प्रश्न असा. माणूस देव मानायचं किंवा न मानायचं ठरवतो का? की ते आपलं आपण होतं आणि कारणं आपण मागाहून चिकटवतो? तुमचं कसं झालं ते सांगा. 'अमुक महाराजांची प्रचिती' आणि 'भाविक म्हणजे मूर्ख' या दोन्हीसाठी दुसरे धागे आहेत.

कडकभाकरी
पहिला! शेंगाचटणी घेऊन बसलाव.
काय बे, मागच्या वर्षी काठी होम मैदानावर डुलली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "सिद्धेश्वर महाराज की जय" तूच ओरडलास. मी मागंच होताव.

तळ्याकाठचा
@कडकभाकरी, वारा होता बे. कायतरी ओरडावं लागतं.

निरीश्वर
माझं ठरवून झालं, आणि तारीखही सांगतो. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो दिवस.

दहावीत होतो. आमच्या गल्लीत देवळापुढं ही रांग. आई, आजी, मी, तिघं तांब्या घेऊन उभे. माझी पाळी आली, चमचा सोंडेला लावला, आणि खरंच, दूध खाली उतरायला लागलं. अंगावर काटा आला, खोटं बोलत नाही. घरी आलो आणि काय सुचलं कोण जाणे, तोच चमचा पाट्यावरच्या वरवंट्याला लावला. वरवंटाही प्यायला. मग नळाची तोटी प्यायली, पितळी अडकित्ता प्यायला. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवून तिरका धरायचा, की दूध पृष्ठताणामुळं ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली पसरतं. दगड पांढरा असला की ओघळ दिसतच नाही. आमच्या वरवंट्याखाली मात्र हे थारोळं.

मी धावत जाऊन आजीला दाखवलं. आजी वरवंट्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "मग वरवंट्यातबी हाय म्हण की."

त्या दिवसापासून मी नास्तिक. पुरावा बघितला, निर्णय घेतला.

कडकभाकरी
आजीला साष्टांग. तुमच्यापेक्षा आजीचा मुद्दा भारी हाय.

गणितमास्तर
निरीश्वर, पुरावा तुम्ही आणि आजींनी एकच बघितला. निष्कर्ष दोन निघाले. म्हणजे निर्णय पुराव्यानं झाला असं कसं म्हणायचं?

निरीश्वर
आजीला भौतिकशास्त्र नव्हतं.

गणितमास्तर
आणि तुम्हाला दहावीत पृष्ठताण किती कळत होता?

बाळीवेशीतली_सून
मी इथं फक्त वाचत असते, पण आज लिहिते.

माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. मी नऊ वर्षांची. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, गाव उशिरा झोपलेलं. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्याकडचीही गावंच्या गावं गेली. घरं दगड-मातीची, वर मातीचं धाब्याचं माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझे चुलते गेले, आत्याची दोन मुलं गेली. वडिलांना सोलापूरच्या सिव्हिलला आणलं, म्हणून हे गाव मी पहिल्यांदा बघितलं.

सांगायचं ते पुढचं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर कुणीतरी ढिगाऱ्यातून आमचा देव्हारा काढून आणून दिला. पितळी टाक, एक बाळकृष्ण, खंडोबा. आईनं ते फडक्यात बांधले आणि विहिरीत सोडून आली. "रात्रभर आरत्या करून घेतल्या आणि पहाटे हे केलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर चोवीस वर्षं जगली, एकदाही हात जोडला नाही. माझ्या लग्नातसुद्धा देवक बसवलं तेव्हा ती बाहेर मांडवात खुर्चीवर होती.

आणि आत्या, जिची दोन लेकरं गेली, ती कोजागरीला चालत तुळजापूरला जायला लागली. त्याच्याआधी तिला देवाधर्माचं काही नव्हतं. मी मोठी झाल्यावर विचारलं, आत्या, कशासाठी जातेस? म्हणाली, "भांडायला. घरात कुणाशी भांडू?"

एकच रात्र, एकाच घरातल्या दोघी. त्यांनी काय ठरवलं आणि कधी ठरवलं, मला नाही सांगता येणार.

कडकभाकरी
...

गणितमास्तर
ताई, तुमच्या प्रतिसादानंतर पुस्तकी बोलणं बरं नाही, तरी एक आठवलं ते सांगतो. १७५५ साली १ नोव्हेंबरला पोर्तुगालात लिस्बनला असाच मोठा भूकंप झाला. सर्व संतांच्या सणाचा दिवस, लोक सकाळी चर्चमध्ये जमलेले, आणि चर्चंच अंगावर आली. सगळ्या युरोपात त्यावर वाद पेटला. व्होल्तेरनं त्यावरून, 'जे होतं ते भल्यासाठीच' म्हणणाऱ्या तत्त्ववेत्त्यांची पिसं काढली. तरी लिस्बनमध्ये चर्चं पुन्हा बांधली गेलीच. तुमच्या आई आणि आत्या तिथंही असणार.

आता मूळ प्रश्न. माझं मत, माणूस श्रद्धा निवडू शकत नाही. पटत नसेल तर एक प्रयोग करा. आत्ता, घड्याळ लावून, पाच मिनिटं मनापासून माना की उद्या सोलापुरात बर्फ पडणार आहे. म्हणायचं नाही, मानायचं. लाख रुपये देतो म्हटलं तरी जमणार नाही.

पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं पैजेचा हिशेब मांडला होता. देव असला आणि मानलात तर अपार फायदा, नसला तर नुकसान थोडकं, म्हणजे मानणं किफायतशीर. पण त्यालाही ठाऊक होतं की हिशेब पटला म्हणून श्रद्धा उगवत नाही. म्हणून त्याचा सल्ला काय? श्रद्धावान करतात ते सगळं करत राहा, प्रार्थनेला जा, तीर्थ घ्या, हळूहळू येईल. तळ्याकाठचे, तुम्ही पास्कलचा उलटा नमुना आहात. इतकी वर्षं काठी पेलताय आणि श्रद्धा यायचं नाव नाही.

कडकभाकरी
सर, मे महिन्यात हा प्रयोग ठेवा. एप्रिलपासनं ४२ च्या वर पारा चढला की बर्फ पडणार हे मी फुकटात मानतो.

चादरवाला
आम्ही साध्या धंद्यातली माणसं. माझे सोळा यंत्रमाग आहेत, घरी तेलुगू बोलतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढतो. खरं सांगू? सूत तुटलं तर देवाला हाक मारत नाही. कामगार हातानं सांधतो, माग चालू. शटल अडकलं तरी मिस्त्रीला फोन. पण सुताचा भाव एकदम वाढला, किंवा व्यापाऱ्यानं तीन महिने पैसे अडकवले, की माझी गाडी आपोआप देवळाकडं वळते. मी ठरवत नाही, गाडी वळते.

खंडेनवमीला मागांना हार घालतो, नारळ फोडतो. माझा मुलगा इंजिनिअर झालाय, तो हसतो. परवा नवीन माग आणला, त्याच्या बटणांच्या पेटीवर हळदीकुंकवाचं बोट कुणी लावलं असेल?

मी_आपला_सहज
चादरवाले, तुम्ही जे सांगितलंत ते एका मानववंशशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मॅलिनोव्स्की, ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी खाजणाच्या शांत पाण्यात मासे धरायचे तेव्हा मंत्रतंत्र काही नाही, नुसतं कौशल्य. तेच खुल्या समुद्रात जायचं झालं, जिथं मासळीचाही भरवसा नाही आणि परत येण्याचाही, की आधी सगळे विधी. सूत म्हणजे तुमचं खाजण, बाजारभाव म्हणजे समुद्र.

आणि १९४८ मध्ये स्किनरनं कबुतरांवर प्रयोग केला. दाणा ठरावीक वेळानं आपोआप पडायचा, कबुतरानं काही करो न करो. पण दाणा पडला तेव्हा जे कबूतर गिरकी घेत होतं ते गिरक्याच घेत बसलं. त्याला वाटलं, गिरकीनं दाणा येतो.

पायीवारी
म्हणजे आम्ही कबुतरं. वा.

सहजराव, मी बावीस वर्षं वारीला जातो. पांडुरंगाकडं काही मागितलं नाही. दाणा मिळतो म्हणून गिरक्या घेतो म्हणता, मग कुठला दाणा ते तरी सांगा. पायाला फोड, पावसात भिजणं, पंढरपुरात पोचल्यावर गर्दीमुळं कळसाचंच दर्शन. नवस करणारे आणि वारकरी एका दावणीला बांधू नका.

२०२० ला पालख्या एसटीनं गेल्या. मी घरी टीव्हीपुढं बसून होतो. तेव्हा कळलं, मला देव आहे की नाही याच्याशी फार देणंघेणं नाही. मला चालायचं होतं. शेजारी टाळ हवा होता. आता याला श्रद्धा म्हणा नाहीतर व्यसन.

निरीश्वर
म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच की.

पायीवारी
नाही. तुम्ही चालत नाही.

कडकभाकरी
विकेट! 😄

भीमाकाठी
सर्वांचं वाचलं. 'श्रद्धा निवडता येत नाही' हे गणितमास्तरांचं म्हणणं घरात निवांत बसलेल्या माणसाचं वाटतं. राग मानू नका.

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. माझे आजोबा तिथं होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी लाखो लोकांसोबत उभ्यानं म्हटल्या. पहिलीच प्रतिज्ञा, ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. याला निवडणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आपल्याच जिल्ह्यातला मंगळवेढ्याचा चोखोबा आयुष्यभर अभंग रचत राहिला, १३३८ साली गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून गेला, आणि समाधी मिळाली ती पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर पायरीशी. त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं! आजोबा म्हणायचे, "तो आहे का नाही हे त्याचं त्यानं बघावं. मी त्याच्या दारात जाणार नाही, हे मी ठरवलं."

आता घरातली गंमत सांगतो. आजोबांनी परत येऊन घरातले सगळे देव नदीत सोडले. आजीनं विरोध केला नाही. आजी वारल्यावर ज्वारीची कणगी रिकामी केली तर तळाला चिंधीत गुंडाळलेली मरीआई निघाली. सगळे आजोबांकडं बघायला लागले. आजोबा म्हणाले, "मला ठाऊक होतं. दर वर्षी कणगी सारवायला मीच बाजूला करत होतो." आणि ती मूर्ती त्यांनी पुन्हा चिंधीत बांधून आजीच्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली.

गणितमास्तर
भीमाकाठी, मान्य. चुकलो असं म्हणत नाही, पण माझं वाक्य अपुरं होतं. बर्फ पडणार हे मानणं आणि एखाद्या दारात पाय न ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या हातात नाही, दुसरी आहे. आणि तुमच्या आजोबांनी दुसरी केली. पहिलीचं काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

भीमाकाठी
सांगितलं होतं. "सुरुवातीची दोनतीन वर्षं वीज कडाडली की तोंडात नाव यायचं, मग यायचं थांबलं." म्हणजे तुमचा पास्कल उलट्या बाजूनंही चालतो.

रिकामा_गाभारा
पुरुष मंडळींची चर्चा छान चाललीय. आता मी.

माझा नवरा नास्तिक आहे. सासरी त्याला 'फार वाचतो' म्हणतात, कौतुकानं. मी नास्तिक आहे हे कळलं तेव्हा सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, वळण नाही. नवऱ्याच्या नास्तिकपणाला काम शून्य, पूजेच्या वेळी तो बाल्कनीत पेपर वाचतो. माझ्या नास्तिकपणाला पुरण वाटावं लागतं. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या मी चिरते, कारण मी नाही चिरल्या तर गुडघे दुखत असताना सासूबाई चिरणार. मानायचं की नाही हे मला निवडता येतं. करायचं की नाही, ते नाही.

म्हणून मूळ धाग्याला उलटा प्रश्न. तळ्याकाठचे, तुमच्या घरी काठीच्या दिवसांत उपासाचं, सोवळ्याचं, नैवेद्याचं कोण बघतं? तिला विचारलंत का ती मानते का?

तळ्याकाठचा
...विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं. बायको म्हणाली, "हुग्गीला गहू कुटून वाळवताना मला असलं काही सुचत नाही."

कडकभाकरी
हुग्गीवरनं आठवलं. लोक कुकरात गव्हाचा दलिया शिजवून त्याला हुग्गी म्हणूलालेत. अख्खा गहू, पाणी लावून सडायचा, कोंडा पाखडून टाकायचा, मग गूळ, खसखस, सुकं खोबरं. देव नसला तरी चालंल, खसखस पाहिजे.

चादरवाला
बडीशेपही. आणि वरून तूप, दूध नाही.

मी_आपला_सहज
दूधच. वादच नाही.

चादरवाला
आता मात्र मी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार करणार आहे.

जुनाजाणता
पाकृ विभाग वेगळा आहे हो.

मूळ विषयावर येतो. इतक्या प्रतिसादांत ज्याच्या काठीवरनं हे सुरू झालं त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं. आज आपण ज्याच्या काठावर भेळ खातो तेच. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या परंपरेत गोष्ट अशी सांगतात की त्यांच्यातले अल्लमप्रभू हिंडत हिंडत इथं आले, खोदकाम चाललेलं बघितलं आणि सिद्धरामांना टोचून विचारलं, दगडमातीत एवढा रमलास, आतलं कधी बघणार? सिद्धराम आधी चिडले, मग त्यांच्याबरोबर कल्याणला (आजचं बसवकल्याण) गेले, बसवण्णांच्या मंडळीत बसले.

म्हणजे या गावात हा वाद आठशे वर्षांपूर्वी खुद्द सिद्धरामांशीच झालाय. तरी बघा, अल्लम जिंकले म्हणतात आणि आपण पाणी तळ्याचं बघतो.

निरीश्वर
तळ्याला पुरावा आहे.

बाळीवेशीतली_सून
निरीश्वरदादा, एक विचारू? आजी गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडात गंगाजल घातलंत का?

निरीश्वर
घातलं. तिला हवं होतं.

(आणि चमचा तोच होता. दुधाचा. आता कुणी काही लिहू नका.)

तळ्याकाठचा
सगळ्यांचं दोनदा वाचलं. आता मला मुलीला द्यायचं उत्तर सापडलं असं वाटलं होतं, म्हणून काल रात्री तिला बसवून सांगितलं.

सांगितलं ते असं. काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवून उभी केली की सगळं वजन कमरेवर येतं आणि नजर वर शेंड्याला. खाली बघायचं नाही. आपला पाय कुठं पडतोय ते मागचा माणूस सांगतो, "डावं, डावं, थांब." माझ्या मागं गेली अकरा वर्षं मंडईत कांदे-बटाटे विकणारा एक माणूस असतो. एरवी आम्ही वर्षात चार वाक्यं बोलत नाही. होम मैदानावर वारा लागला की शेंडा झुकतो, आणि त्या दोनतीन सेकंदांत त्याचा आवाज सोडून जगात काही नसतं. तेव्हा मी देव मानतही नसतो आणि नाकारतही नसतो, सवडच नसते. त्या सेकंदांसाठी मी दिवाळीपासून सरावाला जातो. ओरडतो ते त्यालाच, की आलोय, पडलो नाही.

मला वाटलं, बरं जमलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मस्त आहे. पुढच्या वर्षी मला पण सरावाला न्या."

मी पटकन म्हणून गेलो, "आपल्या काठीला मुली नसतात."

"कोण म्हणतं? देव?"

पंचवीस वर्षं ज्याला मानत नाही त्याच्या नावावर ढकलावं असं एक क्षण खरंच वाटलं. गप्प बसलो. अजून उत्तर दिलेलं नाही. ती आता टेबलावर वही उघडून बसलीय आणि मधून मधून माझ्याकडं बघतेय.

रिकामा_गाभारा
😊

पायीवारी
दिंडीत पाठवा. आमच्याकडं विणा सोडून सगळं मिळेल. विण्याचंही बघू.

कडकभाकरी
आधी कमरेचा पट्टा तिच्या मापाचा शिवून घे बे. तुझा तिला दोन वेढे बसंल. विजापूर वेशीला एक म्हातारा चांभार हाय, उद्या चल, मी येताव.
आता थांबताव, चार दिवसांनी पाणी आलंय.